पेडल तळाला, गाडी पुढे

“दादा, क्लच प्लेट सांगू नका. दोन महिन्यांपूर्वीच बदललीय.”

गाडीतून उतरायच्या आधीच मॅडमनी हे सांगून टाकलं. गाडी 2015 ची, पेट्रोल सेदान, 86 हजार किलोमीटर झालेली. मॉडेलचं नाव इथे देत नाही, कारण दोष बनवणाऱ्या कंपनीचा नव्हता. दहा वर्षांत रबर जे करतं तेच या रबराने केलं होतं. मॅडम राहायला कोथरूडला, ऑफिस हिंजवडी फेज थ्रीला. रोज चांदणी चौकातून हायवेला लागायचं आणि वाकडला भूमकर चौकात तासन्‌तास क्लच मारत बसायचं. माझं गॅरेज वारज्याला, त्यांच्या परतीच्या वाटेपासून जरा वाकडं करून येण्यासारखं.

तक्रार अशी: सकाळी गाडी लोण्यासारखी चालते. ट्रॅफिकमध्ये अर्धा-पाऊण तास गेला की पहिला गिअर अडतो. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकताना कर्र्र असा आवाज येतो की वॉचमनही वळून बघतो. दोन-तीन वेळा पेडल भराभर मारलं की गिअर निमूट पडतो. आधीच्या गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला, साडेअकरा हजार घेतले. त्रास तसाच राहिला तेव्हा सांगितलं, “मॅडम, तुम्ही हाफ क्लचवर चालवता, पद्धत बदला.” हे वाक्य त्यांना पैशांपेक्षा जास्त लागलं होतं. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला लागणारच.

प्लेटवर ठपका ठेवणं इथे मुळातच चुकलं होतं. क्लचच्या तक्रारी दोन जातीच्या असतात आणि त्या एकमेकींच्या उलट असतात. एकीत क्लच धरत नाही: चढावर ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, आरपीएम वर जातो आणि वेग तिथेच राहतो. ही घसरण, आणि झिजलेली प्लेट बहुतेक वेळा हेच करते. दुसरीत क्लच सोडत नाही: पेडल पूर्ण दाबलं तरी इंजिनचं फिरणं थोडंफार गिअरबॉक्सपर्यंत पोचतच राहतं, म्हणून गिअर अडतो, रिव्हर्स ओरडतो. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (दात्यांचा वेग आधी जुळवून घेणारी कडी) नसतो, त्यामुळे क्लच सुटत नसल्याची चहाडी सगळ्यात आधी रिव्हर्सच करतो. प्लेट वाकली, तिचे दाते शाफ्टवर गंजून अडकले किंवा प्रेशर प्लेटची बोटं, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, मोडली तरी क्लच सुटत नाही, हे खरं. पण वाकलेली प्लेट सकाळी सरळ आणि संध्याकाळी वाकडी होत नाही. जो दोष वेळेनुसार येतो-जातो आणि पेडल मारल्यावर पळतो, तो लोखंडात कमी आणि तेलात जास्त असतो.

तेल म्हणजे ब्रेक ऑइल. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलच्या मागे एक मास्टर सिलिंडर असतो, आम्ही त्याला वरचा सिलिंडर म्हणतो. पेडल दाबलं की त्यातला पिस्टन तेल ढकलतो, ते पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्हमध्ये, म्हणजे खालच्या सिलिंडरमध्ये जातं, स्लेव्हचा रॉड बाहेर येऊन फोर्क नावाचा दांडा ढकलतो आणि फोर्क बेअरिंगला. बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटं दाबतं आणि प्लेट मोकळी होते. तेल दाबून आकसत नाही, म्हणून वर जितकं ढकललं तितकं खाली पोचलंच पाहिजे. वाटेत हवा असेल, गळती असेल किंवा होज (रबरी नळी) फुगत असेल तर रॉड कमी बाहेर येतो. सगळा खेळ त्या रॉडच्या काही मिलिमीटरचा आहे.

गुरुवारी मी आधी नेहमीच्या गोष्टी केल्या. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघितले, सगळे मऊ. म्हणजे गिअरच्या केबल आणि गिअरबॉक्स संशयातून सुटले. इंजिन चालू करून, न्यूट्रलमध्ये क्लच दाबून, पाच आकडे मोजून रिव्हर्स टाकला. आवाज नाही. अर्थात, गाडी तेव्हा नुकती रस्त्यावरून आलेली असली तरी ट्रॅफिकमध्ये भाजलेली नव्हती. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर दाबून चालवली, घसरत नव्हती. ब्रेक ऑइलची पातळी बरोबर मॅक्सच्या खुणेला. या गाडीत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच. क्लचची नळी टाकीच्या जरा वरच्या बाजूने निघते, म्हणजे क्लचमध्ये गळती झाली तरी ब्रेकच्या वाट्याचं तेल खाली उरतं. तेल मात्र काळपट. रबर झिजून तेलात उतरलं की असा रंग येतो. हे मी बघितलं आणि मनात नोंदवून पुढे गेलो. तिथेच थांबायला हवं होतं.

पेडलजवळ डोकं घातलं तेव्हा वेगळंच सापडलं. मूळ रबरी मॅटवर जाड, कडा वर आलेली नवीन मॅट टाकलेली होती. पेडल तळाला टेकतंय असं पायाला वाटायचं, पण ते मॅटला टेकायचं. मॅट काढून टेपने मोजलं तर पेडलचा पूर्ण प्रवास सुमारे 130 मिमी, मॅटसकट 118. बारा मिलिमीटर मॅटने खाल्ले होते. मग खाली जाऊन स्लेव्हच्या रॉडवर खडूची खूण केली आणि हेल्परला पेडल मारायला सांगितलं. मॅट असताना रॉड साडेबारा मिमी सरकला, मॅट काढल्यावर चौदा. नशिबाने याच मॉडेलची दुसरी गाडी सर्व्हिसिंगला उभी होती, तिच्यावरही मोजलं: चौदा. ताळा जमला. मॅट डिकीत टाकली, “घ्या मॅडम, पैसे नकोत” असं जरा रुबाबात सांगितलं आणि गाडी दिली.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी परत दारात. “थोडा फरक आहे, पण भूमकर चौकात तेच.”

आता मी हवेवर गेलो. तर्क वाईट नव्हता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 जातीचं ताजं तेल 230 अंशांच्या आत उकळता कामा नये, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 155 वर येते. आणि तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, ते हवेसारखेच दबतात. स्लेव्ह बसतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कुशीत, एप्रिलमध्ये पुण्यात बाहेरच चाळिशीच्या आसपास पारा, आणि गाडी उभी असली की बोनेटखाली वारा नाही. ओलावा तपासायच्या पेनाने लाल दिवा दिला. आणखी एक शंका होती: नवीन प्लेट बसल्यावर स्लेव्हचा पिस्टन आपल्या जुन्या जागेपेक्षा पुढे सरकून काम करतो. प्लेट जशी झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटं मागे येतात आणि पिस्टनला हळूहळू आत रेटत नेतात. नवी प्लेट घातली की पिस्टन पुन्हा बाहेर येतो, आणि त्याचं रबर सिलिंडरच्या अशा पट्ट्यावर घासायला लागतं जिथे ते कित्येक वर्षांत गेलेलंच नसतं. तिथे गंज किंवा चिखल साचला असेल तर रबर फाटतं. म्हणूनच प्लेटचं काम झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत स्लेव्ह गळायला लागल्याच्या केस येतात. मी स्लेव्हचा रबरी बूट मागे सारून बघितला. आत कोरडं, बेल हाउसिंगवरही (क्लचवरच्या कवचावर) ओल नाही. स्लेव्ह निर्दोष.

मग एअर काढली. हेल्पर पेडल दाबून धरणार, मी खाली स्लेव्हचं निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडणार, तेल आलं की निपल बंद, त्यानंतरच पेडल वर. हा क्रम चुकला की हवा काढण्याऐवजी आत घेतली जाते. टाकी मधूनमधून भरत सुमारे 300 मिली नवीन डॉट 4 फिरवलं. काळं तेल जाऊन काडेचिराइताच्या काढ्यासारखं, मग स्वच्छ पिवळं यायला लागलं. चार-पाच बुडबुडेही निघाले. बोनेटवर दोन थेंब सांडले ते लगेच पाण्याने धुतले, ब्रेक ऑइल रंग खातं. रॉड पुन्हा मोजला: चौदा. पेडल छान कडक.

शनिवारी मॅडमचा मेसेज आला, “एकदम मस्त!” रविवारीही गाडी मस्त. मी हेल्परला दोन चहा जास्त पाजले. सोमवारी रात्री साडेआठला फोन. आवाजात राग नव्हता, थकवा होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: शनिवार-रविवार त्या हिंजवडीला गेल्याच नव्हत्या.

मंगळवारी त्यांनी गाडीबरोबर एक छोटी वही आणली. ती पहिल्या दिवसापासून त्यांच्या पर्समध्ये होती. पहिल्या दिवशी दाखवायलाही काढली होती, आणि मी “ठेवा, ठेवा, गाडीच सांगेल” असं म्हणालो होतो. वहीत नोंदी होत्या. सकाळी 8:40 चांदणी चौक, ठीक. 9:25 भूमकर चौक, पहिला गिअर जाईना, दोनदा पेडल मारलं, गेला. संध्याकाळी 7:50 पार्किंग, रिव्हर्सचा आवाज. अशी दीड-दोन पानं. आणि एका नोंदीखाली दोनदा रेघ मारलेली: “सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून उभी. ब्रेक सोडल्यावर गाडी आपोआप पुढे सरकते. सिग्नल लांब असेल तरच.”

सिग्नल लांब असेल तरच. म्हणजे इंजिन किती तापलंय यापेक्षा पेडल किती वेळ दाबून धरलंय याला महत्त्व होतं. दाबलेलं पेडल हलत नाही, तरी खाली क्लच हळूहळू परत धरायला लागतो. तेल कुठेतरी जातंय, पण टाकीतली पातळी कमी होत नाही, जमिनीवर थेंब नाही, पायाखाली कार्पेट ओलं नाही. मग ते जातंय कुठे? जिथून आलं तिथेच, टाकीत. वरच्या सिलिंडरच्या पिस्टनवर रबराचा कप असतो, आम्ही बकेट म्हणतो. त्याची कड झिजली की दाबाखालचं तेल कडेवरून मागे निसटतं आणि टाकीत परत जातं. घरातल्या घरात चोरी, बाहेर वास नाही.

पेडलमधून हे कळत का नव्हतं? कारण पाय तळाला टेकलेला होता. पेडल अर्ध्यावर असतं तर पायाखाली बुडताना जाणवलं असतं, तळाला टेकल्यावर आणखी बुडणार कुठे? पाय स्थिर, पण खाली रॉड मिलिमीटर-मिलिमीटर मागे जातोय. पेडल सोडलं की पिस्टन परत येताना टाकीतून ताजं तेल ओढून घेतो, म्हणून भराभर दोनदा मारलं की सगळं पूर्ववत.

आणि माझ्या मोजमापात ते का आलं नाही, हे जास्त लाजिरवाणं आहे. आम्ही गॅरेजवाले क्लच तपासताना दणकून दाबतो. हेल्पर तर पेडलवर उभाच राहतो. जोरात आणि झटक्यात दाब आला की बकेटची कड सिलिंडरच्या भिंतीला फाकून चिकटते, झिजलेली कडही थोडा वेळ धरून ठेवते. हळूवार दाब दिला, धरून ठेवला, की तेल कडेवरून सुटायला वाव मिळतो, आणि गरम तेल पातळ असल्याने जास्तच. मॅडम क्लच सावकाश, मऊ दाबतात आणि सिग्नलला धरून बसतात. त्यांच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे दोष झाला नव्हता. दोष होता म्हणून त्यांच्या पद्धतीत तो दिसत होता. माझ्या पद्धतीत तो लपत होता.

म्हणून मंगळवारी तपासणी मॅडमच्या पायाने केली. गाडी एसी लावून पस्तीस मिनिटं दारात चालू ठेवली, पंखा तीन-चारदा लागेपर्यंत. मग जॅकवर घेतली, मी खाली टॉर्च आणि स्केल घेऊन. मॅडमना सांगितलं, तुम्ही भूमकर चौकात दाबता तसं दाबा, आणि मी सांगेपर्यंत सोडू नका. सुरुवातीला रॉड 13.5. पंधरा सेकंदांनी 12.5. तीस सेकंदांनी 11.5. मिनिट झालं तेव्हा स्केलवर नऊ. गाडी जॅकवर असल्याने पहिला गिअर टाकून बघितला तर पुढची चाकं हळूहळू फिरायला लागली, क्लच पूर्ण दाबलेला. या गाडीत साधारण दहा मिमीच्या खाली क्लच धरायला लागतो, तोही अंदाज तिथेच आला. मॅट असताना त्या साडेबारापासूनच सुरुवात करत होत्या, म्हणून मॅट काढल्यावर “थोडा फरक” पडला होता. मॅट खोटी नव्हती, फक्त अर्धी गोष्ट होती.

तरी मास्टर मागवण्याआधी एक शेवटची खात्री केली. प्लेटचा अनुभव ताजा होता, अंदाजाने दुसरा पार्ट बदलायची मला हिंमत नव्हती. स्लेव्हजवळच्या रबरी होजला गुळगुळीत जबड्याचा क्लॅम्प लावला. साध्या पकडीने होज दाबू नये, आतून चिरते. आता तेल स्लेव्हकडे जाऊच शकत नाही. दोष स्लेव्हमध्ये असेल तर पेडल वरच्या वरच दगडासारखं थांबायला हवं. मॅडमनी हळूवार दाबून धरलं. पेडल वर अडलं, आणि मग, दगडासारखं न राहता, सावकाश बुडायला लागलं. मधला पाइप लोखंडी आणि सगळीकडे कोरडा. उरला फक्त वरचा सिलिंडर.

पार्ट आणायला नाना पेठेत गेलो. या गाडीच्या मास्टरचं शरीर प्लास्टिकचं, त्याला नुसत्या रबरांचं किट मिळत नाही, पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागते. 2,650 रुपये. नाना पेठेत खऱ्याच्या शेजारी डुप्लिकेट मांडलेलं असतं, म्हणून जुना सोबत नेऊन नंबर, मोल्डिंगच्या खुणा, रॉडची लांबी सगळं पडताळलं. रॉडच्या लांबीबद्दल थोडं सांगतो, कारण तिथे चूक झाली की दुसरंच दुखणं सुरू होतं. पेडल सोडलेलं असताना पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, म्हणजे टाकीकडचं बारीक छिद्र उघडं राहतं. रॉड लांब असेल किंवा मोकळीक ठेवली नसेल तर ते छिद्र बंदच राहतं, गरम होऊन फुगलेलं तेल परत जाऊ शकत नाही, लाइनमध्ये दाब राहतो आणि क्लच आपोआप अर्धवट दाबलेला राहतो. मग नवी कोरी प्लेट घसरायला लागते, आणि दोष पुन्हा प्लेटच्या माथी.

बसवायचं काम तसं दीड तासाचं, पण त्यातला तासभर डॅशबोर्डखाली पाठ मोडून पेडलची पिन काढण्यात जातो. मास्टर बसवला, एअर काढली, मोकळीक तपासली. पुन्हा पस्तीस मिनिटं गाडी तापवली. पुन्हा मॅडमचा पाय. सुरुवातीला 14. मिनिटाने 14. तीन मिनिटं धरायला लावलं, पाय थरथरायला लागला तरी 14. मग स्केल खिशात टाकलं.

जुना मास्टर मी कापून उघडला. बकेटची कड एका बाजूला चपटी आणि चकचकीत झालेली, उरलेली कड ठीक होती. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर त्याच बाजूला एक करडा पट्टा, बोट फिरवलं तर नखाला लागेल न लागेल इतका. एवढ्याशा पट्ट्यापायी गिअरबॉक्स उतरवला गेला होता.

मॅडमनी डिकीतून जुनी प्लेट काढून दिली. आधीच्या गॅरेजकडून त्यांनी ती मागून घेतली होती, पुणेकर गिऱ्हाईक जुना पार्ट सोडत नाही. व्हर्नियरने मोजलं तर रिवेटच्या डोक्यापासून वरचं अस्तर 1.1 मिमी शिल्लक होतं. बऱ्याच गाड्यांत ही मर्यादा 0.3 ते 0.5 मिमी असते. सहज तीस-चाळीस हजार किलोमीटर गेली असती. मी हे सांगावं की नाही असा क्षणभर विचार केला, पण आकडा त्यांच्यासमोरच व्हर्नियरवर होता. त्या काही बोलल्या नाहीत. प्लेट कागदात गुंडाळून परत डिकीत ठेवली. कुठल्या टेबलावर ती जाऊन पडली असेल याची मला कल्पना आहे.

स्लेव्ह मी बदलला नाही. कोरडा होता, चौदा मिमी जात होता. फक्त बोनेटच्या आत मार्करने तेल बदलल्याची तारीख लिहिली आणि खाली दोन वर्षांनंतरची. शुक्रवारी काढलेल्या एअरचे पैसे बिलात लावले नाहीत. त्या कामाची गरज होती, पण त्याने तक्रार गेली नव्हती.

पुढच्या सोमवारी रात्री फोनवर वहीच्या पानाचा फोटो आला. “भूमकर चौक, 19 मिनिटं. पहिला गिअर पाच वेळा, एकदाही अडला नाही. पार्किंग, रिव्हर्स, वॉचमन मोबाइल बघत होता.”